बुडबुड्यांना अर्धेच गुण

दहावीच्या वर्गातील कोणालाही विचारा, "माशांच्या टाकीत पंपाने हवा का सोडतात?" उत्तर तयार असते, "माशांना प्राणवायू मिळावा म्हणून." शिक्षक समाधानाने मान डोलावतात आणि वर्ग पुढच्या प्रश्नाकडे वळतो. मी परीक्षक असतो तर या उत्तराला दोनपैकी एकच गुण दिला असता. उत्तर खोटे नाही. पण त्यात पंपाचे निम्मेच काम आले आहे, आणि जे राहून गेले आहे त्याच्यामुळेच खाऱ्या पाण्याच्या टाक्यांत मासे मरतात. माझ्या टाकीतही मेले.

मी पदार्थविज्ञान शिकवतो. तीनेक वर्षांपूर्वी आमच्या विज्ञान प्रदर्शनासाठी समुद्राच्या पाण्याची एक टाकी लावायचे ठरले. ९० सेंटिमीटर लांब, ३० सेंटिमीटर रुंद आणि ४० सेंटिमीटर खोल पाणी, म्हणजे सुमारे १०८ लिटर. पाणी भरतीच्या वेळी आणले होते. खडकांतल्या डबक्यांमधले दोन खेकडे, काही शंख आणि बोयची सातआठ पिल्ले एवढाच संसार. प्रदर्शनाचा हॉल वातानुकूलित, म्हणून खिडक्या घट्ट बंद आणि दिवसभर माणसांची रीघ. पहिल्या सकाळी पाण्याचा पीएच, ज्याला शेतीच्या पुस्तकांत सामू म्हणतात, ८.१ होता. तिसऱ्या दिवशी दुपारी तो ७.७ झाला. मी पंप कमी पडतो असे अनुमान काढले व दुसरा पंप आणवला. पाणी उकळल्यासारखे दिसू लागले, पीएच तसूभरही वर गेला नाही. मग एका विद्यार्थ्याने दुकानातून पीएच वाढविणारी पूड आणली, आणि मी ती टाकू दिली. संध्याकाळी तीन पिल्ले तळाशी होती.

प्रदर्शन संपल्यावर आमच्या प्रयोगशाळेच्या मामांनी, "सर, फार कोंदट झालंय," असे म्हणून हॉलच्या खिडक्या सताड उघडल्या. दुसऱ्या दिवशी टाकी हलवायला गेलो तेव्हा पीएच पुन्हा चढलेला होता. आता पूड टाकून झाली होती, त्यामुळे हा पुरावा निर्भेळ म्हणता येत नव्हता. म्हणून मी तो प्रयोग नंतर पूड न टाकता, नीट दोन बरण्या घेऊन केला. त्याबद्दल पुढे सांगतो. आधी बुडबुडा म्हणजे काय करतो ते पाहू.

थोडा हिशेब करा. पंप दर मिनिटाला २ लिटर हवा देतो, म्हणजे सेकंदाला सुमारे ३३ घन सेंटिमीटर. साध्या नळीतून निघणारा बुडबुडा ४ मिलिमीटर व्यासाचा धरू. असा बुडबुडा सेकंदाला साधारण २५ सेंटिमीटर वेगाने वर चढतो. ४० सेंटिमीटर चढायला त्याला दीड-पावणेदोन सेकंद लागतात. म्हणजे कोणत्याही क्षणी पाण्यात फक्त ५३ घन सेंटिमीटर हवा असते. गोलाचे क्षेत्रफळ भागिले घनफळ म्हणजे सहा भागिले व्यास, हे सूत्र तुम्हाला येते. ते वापरले की सगळ्या बुडबुड्यांचे मिळून क्षेत्रफळ ८०० चौरस सेंटिमीटरच्या आसपास येते. आणि टाकीचा वरचा उघडा पृष्ठभाग? ९० गुणिले ३०, म्हणजे २७०० चौरस सेंटिमीटर! ज्या बुडबुड्यांकडे आपण कौतुकाने बघत बसतो त्यांचे क्षेत्रफळ पाण्याच्या उघड्या पृष्ठभागाच्या एक तृतीयांशही भरत नाही.

मग पंप लावल्याने फरक पडतो तो कशामुळे? बुडबुडे वर जाताना तळाचे पाणी आपल्याबरोबर ओढून नेतात. पृष्ठभागाशी असलेला पाण्याचा पातळ थर सतत बदलत राहतो आणि वायूंची देवाणघेवाण मुख्यतः तेथे होते. साध्या नळीचा पंप हा खरे म्हणजे पाणी ढवळणारा नोकर आहे.

बुडबुडे बारीक केले की मात्र हिशेब पार बदलतो. अर्ध्या मिलिमीटरचा बुडबुडा सेकंदाला पाच-सहा सेंटिमीटरच चढतो, म्हणून तो पाण्यात सात सेकंद रेंगाळतो. तेवढ्याच हवेचे क्षेत्रफळ आता सुमारे २८,००० चौरस सेंटिमीटर होते, म्हणजे टाकीच्या पृष्ठभागाच्या दहापट. आणि इथे समुद्राचे पाणी आपल्याला एक मदत करते. एका पेल्यात साधे पाणी व दुसऱ्यात लिटरला ३५ ग्रॅम मीठ घातलेले पाणी घ्या आणि एकच एअर स्टोन आळीपाळीने दोन्हींत सोडून पाहा. साध्या पाण्यात बुडबुडे एकमेकांना भिडून मोठे होतात. खाऱ्या पाण्यात ते एकमेकांत विलीन व्हायला नाखूष असतात, बारीकच राहतात आणि पाणी दुधाळ दिसते. असे का होते याचे पूर्ण स्पष्टीकरण पदार्थवैज्ञानिकांनाही सोपे गेलेले नाही, पण प्रयोग मात्र कोणालाही करता येतो. खाऱ्या टाक्यांमध्ये फेस काढणारे जे यंत्र लावतात, ज्याला प्रोटीन स्किमर म्हणतात, ते याच गुणधर्मावर चालते. बारीक बुडबुड्यांच्या पृष्ठभागाला माशांच्या विष्ठेतील व उष्ट्या अन्नातील प्रथिने चिकटतात, फेस होऊन वर येतात आणि कुजण्यापूर्वीच बाहेर काढली जातात. गोड्या पाण्यात हे यंत्र जवळजवळ निरुपयोगी ठरते.

आता प्राणवायू. २५ अंश सेल्सिअसला गोड्या पाण्याच्या एका लिटरमध्ये हवेतून जास्तीत जास्त ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, समुद्राच्या पाण्यात ६.७ च्या आसपास. ३० अंशांना हे आकडे ७.६ आणि ६.२ होतात. आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यांत खाऱ्या टाकीतले मासे किती काठावर जगत असतात ते यावरून कळेल. पंप दोन लावा नाहीतर दहा लावा, उथळ टाकीत प्राणवायू या संपृक्ततेच्या फारसा वर जात नाही. तिथपर्यंत मात्र तो लवकर पोचतो, कारण एक लिटर हवेत सुमारे २७५ मिलिग्रॅम प्राणवायू असतो, म्हणजे एक लिटर समुद्राच्या पाण्याच्या चाळीसपट. हवेच्या कोठारात माल भरपूर आहे.

कर्बद्विवायूची गोष्ट नेमकी उलटी आहे. समुद्राच्या पाण्यात तो नुसता विरघळून राहत नाही. पाण्यातल्या कार्बोनेटशी त्याचा संयोग होऊन बायकार्बोनेट बनते. त्यामुळे एका लिटर समुद्राच्या पाण्यात सर्व रूपांत मिळून जेवढा कर्ब साठलेला असतो तो एक लिटर हवेतल्या कर्बद्विवायूच्या शंभरपटीहून अधिक भरतो. इथे मोठे कोठार पाण्याचे आहे आणि हवा म्हणजे नुसती हातगाडी. प्रत्येक लिटर हवा थोडासाच माल उचलून नेऊ शकते. आमच्या टाकीचा पीएच ७.७ वरून ८.१ वर आणायचा तर, बाहेरची स्वच्छ हवा वापरली आणि प्रत्येक बुडबुडा पुरेपूर भरून गेला असे मानले, तरी निदान ७०० लिटर हवा लागते. २ लिटरच्या पंपाला सहा तास. प्रत्यक्षात बुडबुडे अर्धवटच भरतात, तेव्हा रात्र जाते. उघड्या समुद्रातही हाच प्रकार दिसतो. वरच्या थरातील प्राणवायूचा हवेशी समतोल काही आठवड्यांत साधतो, पण कर्बद्विवायूचा समतोल साधायला वर्षाच्या आसपास काळ जातो.

म्हणून मासे पृष्ठभागावर येऊन धापा टाकत नाहीत, अर्थात प्राणवायू ठीक आहे, याचा अर्थ पाणी ठीक आहे असा नव्हे.

आणि ही सगळी हातगाडी कोणत्या बाजारात फिरते हा खरा प्रश्न. पंप हवा तयार करीत नाही, खोलीतील हवाच पाण्यात ढकलतो. बाहेरच्या हवेत आज कर्बद्विवायूचे प्रमाण दहा लाख भागांत ४२० भागांहून थोडे अधिक आहे. दारे-खिडक्या बंद करून माणसे भरलेल्या खोलीत ते १००० च्या वर सहज जाते. हेन्रीचा नियम, जो विल्यम हेन्री याने १८०३ साली मांडला, सांगतो की पाण्यात विरघळलेल्या वायूचे प्रमाण वर असलेल्या त्याच वायूच्या दाबाच्या प्रमाणात राहते. अल्कता तीच राहून कर्बद्विवायू दुप्पट झाला तर समुद्राच्या पाण्याचा पीएच जवळपास ०.३ ने उतरतो. आमच्या हॉलमध्ये दुसरा पंप लावून मी काय केले? शेकडो माणसांच्या उच्छ्वासाने भरलेली हवा दुप्पट जोमाने पाण्यात घातली. पंप कमी पडत नव्हता. तो आपले काम चोख बजावत होता; पाणी आणि खोली यांचा समतोल घडवून आणीत होता.

इंग्लंडमधील ॲना थिन या बाईंना हे उपकरण मिळाले नव्हते. १८४६ साली त्यांनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ लंडनला नेले. समुद्राचे ताजे पाणी वारंवार आणवणे अवघड झाल्यावर त्या घरातील मोलकरणीकडून तेच पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात पुन्हा पुन्हा ओतून घेत, आणि तेही उघड्या खिडकीसमोर. रोज अर्धापाऊण तास. त्या मोलकरणीचे नाव आपल्याला माहीत नाही, पण शहरात समुद्राचे पाणी जिवंत ठेवण्याचे पहिल्या काहींतले श्रेय तिच्या हातांना आहे. आपल्याजवळ पंप आला आणि आपण खिडकी लावून घेतली!

पुडीबद्दलही बोलले पाहिजे, कारण तिथे माझी चूक अधिक गंभीर होती. पाण्यातील विषारी घटकांपैकी पहिला म्हणजे अमोनिया. तो पाण्यात दोन रूपांत असतो. अमोनियम आयन बराचसा निरुपद्रवी, आणि मुक्त अमोनिया जहरी. कोणाचे प्रमाण किती हे पीएच ठरवतो. पीएच एका अंकाने वाढला की मुक्त अमोनिया जवळजवळ दहापट होतो. तीन दिवसांच्या टाकीत, जिथे अमोनिया पचवणारे जीवाणू अजून रुजलेले नाहीत, तिथे पुडीने पीएच झटकन चढवणे म्हणजे निजलेला साप डिवचणे होय.

हीच गोष्ट दुकानातून प्लॅस्टिकच्या पिशवीत आणलेल्या माशांना लागू पडते, आणि हे प्रत्येक शाळेने भिंतीवर लिहून ठेवावे. प्रवासात बंद पिशवीत कर्बद्विवायू साठतो, पीएच उतरतो, अमोनिया वाढतो पण पीएच कमी असल्यामुळे तो अमोनियमच्या रूपात दबून राहतो. मासा सुखरूप घरी पोचतो. मग आपण दयाबुद्धीने पिशवी उघडून त्यात हवेची नळी सोडतो. कर्बद्विवायू निघून जातो, पीएच चढतो, आणि दबलेला अमोनिया जहर होऊन उठतो. प्रवासात न मेलेला मासा स्वागतसमारंभात मरतो. तापमान जुळवून घ्या, मासा जाळीने टाकीत सोडा, पिशवीतले पाणी फेकून द्या. पिशवीत नळी नको.

आता अल्कता. समुद्राच्या पाण्यात आम्ल पचवण्याची जी ताकद असते ती म्हणजे अल्कता, आणि हवा सोडल्याने ती वाढत नाही आणि कमीही होत नाही. कर्बद्विवायू येवो वा जावो, अल्कता तीच. परंतु जीवाणू अमोनियाचे नायट्रेट करतात तेव्हा आम्ल तयार होते आणि अल्कता खर्ची पडते. शंख आणि प्रवाळ कवचासाठी ती वापरतात. म्हणजे जुन्या टाकीत पीएच उतरण्याची दोन अगदी वेगळी कारणे असू शकतात. खोलीची हवा वाईट किंवा पाण्याची अल्कता संपत आलेली. दोन्हीत पट्टीचा रंग सारखाच दिसतो, उपाय मात्र वेगळे आहेत.

ती ओळखायची युक्ती साधी आहे. टाकीतले एक लिटर पाणी बरणीत घ्या, पंपासह गच्चीवर किंवा अंगणात न्या आणि तासभर हवा सोडा. पाणी थोडे असल्याने तासभर पुरतो. पीएच ८.१ किंवा ८.२ पर्यंत चढला तर दोष खोलीचा, खिडकी उघडा. चढला नाही तर अल्कता कमी झाली आहे. थोडेथोडे पाणी बदला. मी खिडकीची खातरजमा केली ती अशीच. एकाच पाण्याच्या दोन बरण्या, एकाच जातीचे दोन पंप, एक बरणी बंद वर्गात आणि दुसरी व्हरांड्यात. चार तासांत क्रेसॉल रेडचा रंग दोन्हींत वेगळा. बंद वर्गातला पिवळ्याकडे झुकलेला, बाहेरचा जांभळट लालीकडे. मुलांनी बरण्यांची जागा बदलली, रंगही बदलले.

हा प्रयोग करायला समुद्र जवळ असायलाच हवा असे नाही. चंद्रपूर किंवा यवतमाळच्या शाळेने एक लिटर पाण्यात ३५ ग्रॅम मीठ आणि ०.२ ग्रॅम खाण्याचा सोडा घालावा. अल्कता समुद्राच्या पाण्याएवढीच येते. यात मासे मुळीच ठेवू नका, ते समुद्राचे पाणी नव्हे. पण वायूंचा हा खेळ त्यात स्पष्ट दिसतो. माझे मत असे की, खाऱ्या टाकीची खरेदी करण्याआधी प्रत्येक शाळेने एक सत्रभर एवढेच करावे. मासा न मारता सगळे शिकून होते आणि खर्च दोन पंपांचा. काही शिक्षक मित्र म्हणतात की, मासे नसतील तर मुले बघणार नाहीत. मला ते पटत नाही. रंग उलटे झालेले पाहताना आमच्या वर्गात जी शांतता पसरली ती टाकीभोवती कधी नव्हती.

तरीही टाकी ठेवायचीच असेल तर पंपाचे आणखी दोन परिणाम ध्यानात धरा. फुटणारा प्रत्येक बुडबुडा खाऱ्या पाण्याचे सूक्ष्म थेंब उडवतो, त्यांचे मीठ झाकणावर आणि विजेच्या प्लगवर साचते. ते ओल्या फडक्याने नव्हे, वीज बंद करून पुसा. आणि पंपामुळे बाष्पीभवन वाढते. जाते ते फक्त पाणी, मीठ मागे राहते. पातळी उतरली की मुले उत्साहाने समुद्राचेच पाणी ओततात आणि क्षारता वाढवत नेतात. भर घालायची ती गोड्या पाण्याची, आणि महिन्याकाठी हायड्रोमीटर बुडवून पाहायचे. वीज गेली तर पाणी नळीतून पंपात उलटे शिरते, म्हणून पंप पाण्याच्या पातळीच्या वर टांगा. प्रवाळ आणि समुद्रघोडे आणू नयेत, हे सांगायला नको. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना संरक्षण आहे.

टाकीतली ही गोष्ट बाहेरच्या समुद्रातही चालू आहे. कारखानदारी सुरू होण्यापूर्वी हवेत दहा लाखांत सुमारे २८० भाग कर्बद्विवायू होता. तो ४२० च्या वर गेला आणि समुद्राच्या पृष्ठभागाचा सरासरी पीएच ८.२ वरून ८.१ च्या आसपास आला. तिथे पंपाचे काम वारा व लाटा करतात, आणि तेही आमच्या हॉलमधल्या पंपासारखेच चोख करतात. ०.१ हा आकडा पाहून कोणी हसेल. पीएच हे लघुगणकी माप आहे, ०.१ म्हणजे हायड्रोजन आयनांत सुमारे पाव हिश्शाची वाढ. हा हिशेब तुमच्या लॉगच्या कोष्टकावरून करून पाहा.

यंदाच्या प्रदर्शनात टाकी पुन्हा लावायची असे विद्यार्थ्यांनी ठरवले आहे. मी एकच अट घातली. पंप हॉलच्या बाहेर, खिडकीच्या छज्जाखाली टांगायचा, पावसाचे पाणी लागणार नाही अशा बेताने, आणि हवेची नळी तावदानाच्या भोकातून आत आणायची. नळी पाच मीटर लागते. मामांनी ती आणून ठेवली आहे.